चॅनेल डब्ल्यू: नऊ वाजताचा हुकूम

११ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्क. सकाळचे नऊ वाजले आहेत. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात विमान घुसून अजून पुरती चौदा मिनिटंही झालेली नाहीत. या संकुलाच्या बंदोबस्तावर असलेल्या पोलीस तुकडीचा प्रमुख वायरलेसवर हुकूम देतो, की संकुलातल्या सगळ्या नागरिकांना बाहेर काढा. जळणाऱ्या मनोऱ्यातल्यांनाच नव्हे, सगळ्यांना.

दक्षिण मनोरा तेव्हा शाबूत होता. त्याच्या लॉबीत अग्निसुरक्षेचं टेबल होतं आणि तिथे उप-अग्निसुरक्षा संचालक बसलेला होता. इमारतीचा ध्वनिक्षेपक त्याच्या ताब्यात. त्याच ध्वनिक्षेपकावरून साधारण ८:४९ ला लोकांना सांगितलं गेलं होतं, की आपली इमारत सुरक्षित आहे, जागेवरच थांबा, उतरायला लागला असाल तर परत जा. ऐकून काहीजण खरोखरच परत वर गेले. नऊच्या हुकुमाने ही सूचना उलटायला हवी होती. पण हुकूम गेला ‘चॅनेल डब्ल्यू’वर, म्हणजे ट्रेड सेंटरच्या पोलिसांच्या चॅनेलवर, आणि त्या टेबलावर चॅनेल डब्ल्यू ऐकूच येत नव्हतं. ९:०२ ला एक घोषणा झाली, तीही अशी, की परिस्थितीनुसार वाटल्यास शिस्तीत बाहेर पडायला हरकत नाही. ९:०३ ला दुसरं विमान दक्षिण मनोऱ्यावर आदळलं, ७७ ते ८५ या मजल्यांवर.

पोलिसांच्या वायरलेसची त्या दिवसाची कहाणी बहुतेक वेळा ‘यंत्रणा कोलमडली’ या दोन शब्दांत आटोपली जाते. मला या तीन मिनिटांचा अभ्यास जास्त मोलाचा वाटतो, कारण इथे काहीच कोलमडलं नव्हतं. सेट चालू होता, चॅनेल मोकळं होतं, हुकूम स्पष्ट होता आणि ज्यांच्या हातात ते चॅनेल होतं त्यांनी तो ऐकलाही. ज्याने ऐकायला हवा होता त्याच्याकडे मात्र ते चॅनेल कुणी दिलेलंच नव्हतं.

एक खबरदारी आधीच घेतो. हुकूम पोचला असता तर सगळे वाचले असते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. एकशे दहा मजल्यांची इमारत तीन मिनिटांत रिकामी होत नाही. पण ७८व्या मजल्यावरच्या लॉबीत लिफ्टची वाट पाहत उभ्या असलेल्यांसाठी, जिन्यात थबकून ‘खाली जाऊ की वर’ असा विचार करणाऱ्यांसाठी, तीन मिनिटं ही फार मोठी वेळ होती.

हे पोलीस कोणाचे?

हा हुकूम देणारा अधिकारी न्यूयॉर्क शहर पोलिसांचा नव्हता. संकुल पोर्ट अथॉरिटीचं, म्हणजे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांनी १९२१ मध्ये मिळून स्थापन केलेल्या संस्थेचं. विमानतळ, पूल, बोगदे आणि बंदरं सांभाळणाऱ्या या संस्थेचं स्वतःचं पोलीस दल होतं: १,३३१ जण, नऊ वेगवेगळ्या तुकड्यांत वाटलेले. ट्रेड सेंटरची तुकडी त्यांतली एक. तिचं पोलीस टेबल संकुलातल्याच पाच क्रमांकाच्या इमारतीत होतं.

बहुतेक तुकड्या यूएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारितेच्या, पट्ट्यातले सेट वापरत. सेटमध्ये एकाहून जास्त चॅनेलं होती, पण शिपाई रोज वापरायचा ते आपल्या तुकडीचं एकच स्थानिक चॅनेल. त्याची ताकद मुद्दाम कमी ठेवलेली, कारण बोगद्यावरच्या बंदोबस्ताला विमानतळावरचं बोलणं ऐकून करायचंय काय? रोजच्या कामाला ही योजना उत्तम होती. सगळ्या दलासाठी एक सामाईक चॅनेलही होतं, पण ते सगळ्याच तुकड्यांना लागत नसे.

आता त्या सकाळकडे बघा. विमान आदळल्याचं कळताच पूल, बोगदे, विमानतळ अशा सगळीकडून या दलाचे लोक ट्रेड सेंटरकडे निघाले, कित्येकजण तर आपणहून. पोचेपर्यंत कमरेचा सेट मुका झालेला. स्थानिक चॅनेल मागे राहिलं, आणि चॅनेल डब्ल्यू अनेकांच्या सेटवर नाही. बाजूला उभा असलेला शिपाई त्याच दलाचा, बिल्ला तोच, पण वायरलेसच्या दृष्टीने परका. अनेक तुकड्या एकाच जागी गोळा झाल्या तर कुणी कुठे जमायचं आणि कोणत्या चॅनेलवर बोलायचं, याचे स्थायी आदेश या दलाकडे नव्हतेच. दोन दलांत संवाद नसतो ही तक्रार जुनी आहे. इथे एका दलाच्या नऊ तुकड्यांचीच ती गत होती. या दलाने त्या दिवशी ३७ माणसं गमावली.

शहर पोलिसांकडे बघितलं तर व्यवस्था नांदती दिसते. शहराचे ३५ वायरलेस विभाग, प्रत्येकाचं वेगळं चॅनेल, वर शहरभराची काही चॅनेलं. हातातल्या सेटवर वीस किंवा जास्त चॅनेलं, त्यामुळे आपली हद्द सोडून दुसरीकडे गेलेला शिपाई तिथलं चॅनेल लावू शके. ८:५८ ला त्यांच्या प्रमुखाने मोठी कुमक बोलावली. ठरलेल्या हिशोबाप्रमाणे तिच्यात २२ लेफ्टनंट, १०० सार्जंट आणि ८०० शिपाई येतात, आणि हा बोलावा वायरलेसवरून नीट पोचला. म्हणजे त्याच चौकात, त्याच मिनिटाला एका पोलीस दलाचं वायरलेस शिस्तीत चाललं होतं आणि दुसऱ्याचं गटागटात तुटलं होतं. दोघांना जोडणारा धागा मात्र दोघांकडेही नव्हता.

जो तो आपल्या कुंपणात

हे कुणी जाणूनबुजून केलं नव्हतं. पोलीस वायरलेस ज्या क्रमाने वाढलं, तो क्रमच असा आहे.

सुरुवात एकतर्फी होती. १९२८ मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी गाड्यांत रिसीव्हर बसवले. ठाण्याने बोलायचं, गाडीने ऐकायचं. हुकूम पोचला की नाही हे कळवायला शिपायाने रस्त्यावरचा टेलिफोन शोधायचा. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉन शहराने गाडीतून उत्तर देता येईल अशी दुतर्फी व्यवस्था उभारली. १९४० मध्ये कनेटिकट राज्य पोलिसांनी एफएमवरची दुतर्फी यंत्रणा आणली आणि खरखर कमी झाली. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच असायचा, की माझं ठाणं माझ्या गाडीशी कसं बोलेल. शेजारच्या हद्दीची गाडी त्या प्रश्नात नव्हती.

परवाना दलागणिक, खरेदी दलागणिक, पैसा आपापल्या कर भरणाऱ्यांचा. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा व्हीएचएफ पट्टा भरला तेव्हा नव्या परवान्यांना ४५० च्या वरचा यूएचएफ मिळाला, तोही भरला तेव्हा ८००. ज्याने ज्या दशकात सेट घेतले तो त्या पट्ट्यात जाऊन बसला. व्हीएचएफ सेटला ८०० वरचं बोलणं ऐकवायचं तर बटण फिरवून भागत नाही, त्याचा अँटेनाच नव्हे तर आतलं यंत्रही वेगळं लागतं. १५५.४७५ मेगाहर्ट्झ ही वारंवारिता अमेरिकेत देशभरच्या पोलिसांना आपसात बोलायला राखून ठेवलेली होती आणि आजही आहे. कल्पना सुरेख आहे. पण ती व्हीएचएफमध्ये आहे, आणि मोठी शहरं तोवर वरच्या पट्ट्यांत निघून गेली होती. गावात सामाईक विहीर आहे, फक्त अर्ध्या गावाकडे तिथवर पोचणारा दोर नाही, असा हा प्रकार.

भाषेचंही तेच झालं. ‘टेन-फोर’सारखे (म्हणजे ‘निरोप मिळाला’) दहाचे संकेत १९३७ मध्ये इलिनॉय राज्य पोलिसांतल्या चार्ल्स हॉपर यांनी सुरू केले. त्यामागचं कारण मोठं गमतीचं आहे. तेव्हाच्या सेटमधल्या मोटर-जनरेटरला गती घ्यायला क्षणभर लागे आणि पहिलं अक्षर गिळलं जाई. म्हणून आधी ‘टेन’ म्हणायचं. ते गिळलं गेलं तरी पुढचा आकडा शाबूत पोचायचा. सेट सुधारले, अडचण संपली, संकेत राहिले, आणि दलागणिक त्यांचे अर्थ पांगले. पोलीस दळणवळण अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या यादीत १०-१३ म्हणजे हवामान आणि रस्त्याची स्थिती. न्यूयॉर्क शहर पोलिसांत १०-१३ म्हणजे सहकारी शिपाई संकटात आहे, सगळं टाकून धाव घ्या. उद्या दोघांना एक चॅनेल दिलं तरी एकाच्या किंकाळीत दुसऱ्याला पावसाचा अंदाज ऐकू येईल.

त्याच सकाळच्या बाकी गाठी

अग्निशमन दलाचा इथे उल्लेख केल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण मनोऱ्यांत सगळ्यात जास्त वर्दीवाले त्यांचेच होते. १९९३ मध्ये याच संकुलात बॉम्बस्फोट झाला तेव्हा त्यांचे सेट उंच मजल्यांवर पोचले नव्हते. म्हणून १९९४ मध्ये पोर्ट अथॉरिटीने रिपीटर बसवला, म्हणजे कमकुवत संदेश उचलून जोरात पुन्हा सोडणारं यंत्र. तो कायम चालू ठेवला तर शहरातल्या इतर कामगिऱ्यांत व्यत्यय येई, म्हणून गरजेपुरताच चालू करायचा असं ठरलं. त्या दिवशी उत्तर मनोऱ्याच्या लॉबीतल्या टेबलावर त्याची चाचणी झाली. रिपीटरसाठी एक बटण दाबलं गेलं. मुख्य हँडसेटवरून बोलायला दुसरं बटण दाबावं लागे, ते दाबलं गेलं नाही. आवाज येईना, तेव्हा प्रमुखांनी रिपीटर बंद आहे असं धरलं आणि त्याच्याविना काम सुरू केलं. तो बंद नव्हता. दक्षिण मनोऱ्यात त्यावरूनच बोलणं झालं. हे वाचून कुणाला हसू येत असेल, तर त्याने एकदा धुराने भरलेल्या लॉबीत उभं राहून, क्वचितच हात लागणारा कन्सोल चालवून पाहावा.

दक्षिण मनोरा ९:५९ ला कोसळला. शहर पोलिसांची हेलिकॉप्टरं तेव्हा वर घिरट्या घालत होती. यावरून एक गोष्ट फार पसरली, की पोलिसांना वरून सगळं दिसत होतं आणि त्यांनी अग्निशमन दलाला मरू दिलं. ती इतकी सरळ नाही. ९:५१ ला एका हेलिकॉप्टरने दक्षिण मनोऱ्यातून मोठाले तुकडे लोंबताहेत असा इशारा दिला होता, पण तो कोसळण्याआधी कुठलाही मनोरा पडेल असं एकाही वैमानिकाने म्हटलं नव्हतं. गुंता सुरू झाला त्यानंतर. १०:०४ ला हेलिकॉप्टरमधून कळवलं गेलं, की उत्तर मनोऱ्याचे वरचे सुमारे पंधरा मजले लालबुंद दिसताहेत आणि पडू शकतात. १०:०८ ला वैमानिक म्हणाला, की हा मनोरा फार वेळ टिकेल असं वाटत नाही. हे शब्द पोलिसांच्या चॅनेलवर होते. पोलिसांच्या आपत्कालीन तुकड्यांना निघायचा हुकूम मिळाला आणि त्यातले बरेच निघाले. अग्निशमनच्या प्रमुखांनीही उत्तर मनोरा सोडायचा हुकूम दिला होता, पण शेजारचा मनोरा पडलाय हे त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊक नव्हतं. साधं ‘खाली या’ आणि ‘शेजारची इमारत जमीनदोस्त झालीय, खाली या’ यांत पायांच्या वेगाचा फरक असतो. उत्तर मनोरा १०:२८ ला पडला.

आणखी एक प्रसंग, लहानसा, पण माझ्या मते सगळ्यात बोलका. शहर पोलिसांची आपत्कालीन तुकडी उत्तर मनोऱ्याच्या लॉबीत गेली आणि अग्निशमन प्रमुखांकडे हजेरी लावायचा तिने प्रयत्न केला. तिला झिडकारलं गेलं. इथे वायरलेसचा संबंधच नाही. दोन माणसं हाताच्या अंतरावर उभी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये महापौर गिलियानी यांनी, आपत्तीत कोणत्या खात्याने पुढाकार घ्यायचा हे सांगणारा सुधारित आदेश काढला होता. समन्वयासाठी १९९६ पासून वेगळं कार्यालयही होतं. त्याचं मुख्यालय नेमकं संकुलातल्या सातव्या इमारतीत, आणि ते साडेनऊच्या सुमारास रिकामं करावं लागलं.

पोटोमॅकच्या काठी

हे सगळीकडे असंच घडलं असतं का? त्याच दिवशी ९:३७ ला पोटोमॅक नदीकाठी, वॉशिंग्टनजवळ, पेंटॅगॉन या संरक्षण खात्याच्या मुख्यालयावर विमान आदळलं. तिथे आर्लिंग्टन परगण्याच्या अग्निशमन दलाने सूत्रं हाती घेतली आणि ती कुणी ओढली नाहीत. शेजारच्या दलांशी लेखी मदत-करार होते, एकत्र सराव झालेले होते, माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होती. यामागे एक जुनी जखम होती. १३ जानेवारी १९८२ ला याच नदीवर, एअर फ्लोरिडाचं विमान बर्फाच्या वादळात चौदाव्या रस्त्याच्या पुलाला धडकून पोटोमॅकमध्ये पडलं आणि ७८ जण दगावले. अर्ध्या तासाच्या आत त्याच शहरात मेट्रोची गाडी रुळांवरून घसरली. तेव्हा आसपासच्या दलांना एकमेकांशी बोलता आलं नव्हतं, आणि पुढची वीस वर्षं त्यांनी ती चूक निस्तरण्यात घालवली.

म्हणून पेंटॅगॉनला संपर्क सुरळीत होता असं मात्र नाही. तिथल्या अहवालातही तक्रारी भरपूर आहेत: सुरुवातीला चॅनेलं तुडुंब भरली, मोबाइल निरुपयोगी ठरले, त्यातल्या त्यात विश्वासाचे ठरले ते पेजर. फरक एवढाच, की सेट हुकला तेव्हाही कोण प्रमुख आणि कुणाला विचारायचं हे लोकांना ठाऊक होतं.

पुढे काय बदललं

अमेरिकेत डिजिटल सेटचं सामाईक मानक, ‘प्रोजेक्ट २५’, १९८९ पासूनच घडत होतं. २००१ नंतर सरकारी अनुदानं त्याला बांधली गेली. युरोपने १९९५ च्या सुमारास ‘टेट्रा’ हे मानक आणलं आणि अनेक देशांनी त्यावर देशव्यापी जाळी उभारली. २०१२ च्या कायद्याने अमेरिकेत आपत्कालीन सेवांसाठी ‘फर्स्टनेट’ हे वेगळं मोबाइल जाळं आलं, ७०० मेगाहर्ट्झमधला पट्टा आणि सात अब्ज डॉलर घेऊन. वेगवेगळ्या पट्ट्यांतले सेट एकमेकांना जोडणारी गेटवे यंत्रं आता गाडीच्या डिकीत मावतात. अनेक खात्यांच्या एकत्रित कामगिरीत संकेत सोडून साधी भाषा वापरायची, असा केंद्राचा नियमही झाला. ‘टेन-फोर’चे चाहते कुरकुरले, पण तो टिकला.

या साऱ्याची मांडणी करणारा एक तक्ता अमेरिकी गृहसुरक्षा विभागाच्या सेफकॉम कार्यक्रमाने काढला. त्यात पाच रांगा आहेत: कारभार, कार्यपद्धती, तंत्रज्ञान, प्रशिक्षण-सराव आणि रोजचा वापर. तंत्रज्ञान पाचातली एक रांग. पैसे मात्र बहुतेक वेळा त्याच रांगेवर ओतले जातात, कारण सेट विकत घेता येतो, त्याचा फोटो काढता येतो. शेजारच्या दलाच्या प्रमुखासोबत महिन्याला एकदा सराव करण्याचं उद्घाटन होत नाही.

नुसतं नवं जाळं आणून भागत नाही, हे नॉर्वेत २२ जुलै २०११ ला, उतोया बेटावरच्या गोळीबारात, दिसलं. ओस्लो पोलिसांकडे नवं डिजिटल जाळं पोचलेलं होतं. उतोया बेट तेव्हा ज्या नूर्द्रे बुस्केरूद पोलीस जिल्ह्यात येत होतं, तिथल्या पोलिसांकडे ते अजून आलेलं नव्हतं. ओस्लोहून निघालेली विशेष तुकडी आणि स्थानिक ठाणं यांच्यात थेट बोलणं जमेना, आणि भेटायच्या जागेवरून गोंधळ झाला. बेटावर ६९ जण मारले गेले. इथे कुणाचं यंत्र जुनाट म्हणून अडलं असं नाही. दोन दलांपैकी एकाचंच यंत्र नवं झालं होतं.

आता नवी गाठ पडू लागलीय ती कूटबद्धतेची, म्हणजे किल्ली नसलेल्याला बोलणं कळूच नये अशा व्यवस्थेची. पोलिसांचं बोलणं पत्रकारांनी, हौशी श्रोत्यांनी आणि चोरांनीही ऐकावं हा जुना काळ सरत चाललाय. अनेक दलं सगळी चॅनेलं कूटबद्ध करताहेत. शिपायांचे पत्ते, तक्रारदारांची नावं हवेत उघडी जाऊ नयेत, हा युक्तिवाद मला पटतो. पण कूटबद्ध चॅनेलला किल्ली लागते, आणि ती शेजारच्या दलाच्या सेटमध्ये आधी भरून ठेवावी लागते. पट्टा एक, मानक एक, चॅनेल एक, तरी किल्ली नसेल तर सेटमधून नुसती शांतता. शिवाय किल्ल्या वेळोवेळी बदलतात. बदलल्यावर शेजाऱ्याला कळवायचं कुणी, कोणत्या दिवशी, कुणाच्या सहीने, हे पुन्हा कागदावरच ठरतं. २००१ मध्ये चॅनेल डब्ल्यू ज्या सेटवर नव्हतं, त्या सेटला निदान ते बसवता आलं असतं, कुणी तसं आधी सांगितलं असतं तर.

चॅनेल डब्ल्यूवरचं बोलणं त्या दिवशी टेप होत होतं. न्यायालयीन लढ्यानंतर ऑगस्ट २००३ मध्ये पोर्ट अथॉरिटीला ध्वनिमुद्रणांच्या लेखी प्रती खुल्या कराव्या लागल्या, सुमारे दोन हजार पानं. नऊच्या सुमारास इमारती रिकाम्या करायचं फर्मान त्यांत आहे, आणि समोरच्या पोलिसाने ते मिळाल्याची दिलेली पोचही.